कुलूप आणि विश्वास

परभणी जिल्ह्यात जुन्या बांधणीची काही घरे अजून उभी आहेत. अशा घराचा मोठा दरवाजा ओलांडला की प्रथम ढाळज लागते. तेथे पाहुणा, वाटसरू, गावातील कोणीही येऊन बसावे. पुढे ओसरी, तेथे आप्त आणि शेजारी येत. त्यापलीकडे माजघर, तेथे घरच्या माणसांचा वावर असे. धान्याचे बळद केव्हा उघडावयाचे, हे घरातील कर्ती स्त्री ठरवी आणि जमिनीच्या कागदपत्रांची पेटी वडीलधाऱ्यांच्या ताब्यात असे. या व्यवस्थेने कोणाचा अपमान होत नसे. ढाळजेत बसलेल्या पाहुण्यास आपल्याला बळदापाशी नेले नाही म्हणून वाईट वाटत नसे आणि पेटीची किल्ली हाती नाही म्हणून घरातील मूल स्वतःला परके समजत नसे. घर म्हणजे मोकळेपणा आणि आडोसा यांचा मेळ होय, हे त्या घरांच्या भिंतीच सांगत होत्या.

आज घरात एक नवे दालन निर्माण झाले आहे. त्याला भिंती नाहीत, दरवाजा डोळ्यांना दिसत नाही. घरातील संगणक आणि मोबाइल फोन एका राउटरला जोडलेले असतात. त्या जोडणीमुळे घरापुरते एक जाळे तयार होते. एका संगणकावरील एखादा फोल्डर ‘सामायिक’ केला, की त्यातील कागद, छायाचित्रे आणि हिशेब घरातील दुसऱ्या यंत्रावरूनही उघडता येतात. ही सोय मोठी आहे. परंतु ज्या विचाराने जुन्या घरात ढाळज, ओसरी आणि माजघर यांची वाटणी झाली, तो विचार या नव्या दालनाच्या बाबतीत पुष्कळदा कोणी करीतच नाही. सारे काही एकाच खोलीत लोटून दिले जाते आणि त्या खोलीस दारही ठेवले जात नाही.

समजा, परभणी शहरात पाच माणसांचे एक कुटुंब राहते. आजोबांची शेती जिंतूर तालुक्यात आहे. त्यांच्या जमिनीचे उतारे आणि पीकविम्याच्या पावत्या संगणकावर जपून ठेवलेल्या आहेत. वडिलांचे बी-बियाणे व खतांचे दुकान आहे. कोणत्या शेतकऱ्याकडे किती उधारी राहिली, याचा हिशेब त्यात आहे. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिने सहामाही परीक्षेसाठी तयार केलेल्या प्रश्नपत्रिका तेथेच आहेत. मोठी मुलगी वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शिकते. तिच्या अभ्यासाच्या टिपणांबरोबर तिची रोजनिशीही आहे. धाकटा मुलगा सातवीत आहे. त्याची चित्रे आणि खेळ आहेत. हे सारे एकाच सामायिक फोल्डरमध्ये आहे आणि त्यात वाचण्याचा, लिहिण्याचा व पुसण्याचा अधिकार प्रत्येकास सारखाच आहे.

एके दिवशी धाकट्यास खेळासाठी जागा हवी असते. त्याला एक अनोळखी नावाचा गठ्ठा दिसतो. तो त्यास निरुपयोगी समजून पुसून टाकतो. तो गठ्ठा म्हणजे दुकानाची तीन वर्षांची उधारी. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. स्वतःच्याच संगणकावरील फाइल पुसली, तर ती प्रथम ‘रिसायकल बिन’ नावाच्या टोपलीत जाते आणि तेथून परत काढता येते. परंतु दुसऱ्या संगणकावरील सामायिक फोल्डरमधून जाळ्याद्वारे पुसलेली फाइल सहसा त्या टोपलीत जात नाही. ती तत्काळ नाहीशी होते. मुलाच्या मनात पाप नव्हते. तरीही वडिलांचे नुकसान व्हावयाचे ते झालेच.

अशा वेळी कोणी सुचविले, की प्रत्येकाचा फोल्डर वेगळा करावा आणि त्यावर बंधन घालावे, तर घरातील वडीलधारे माणूस चटकन म्हणते, “आपल्याच माणसांत कुलूप कशाला? आपला एकमेकांवर विश्वास नाही काय?” या प्रश्नामागची भावना थोर आहे. एका ताटात जेवणाऱ्या माणसांनी एकमेकांपासून कागद लपवावे, ही कल्पनाच तिला सहन होत नाही. परंतु या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. कुलूप केवळ चोरासाठी असते, असे ती मानते. वस्तुतः घरातील पुष्कळशी कुलपे चोरासाठी नसून चुकीसाठी असतात. फवारणीचे औषध कपाटात बंद करून ठेवतात, ते लहान मुलाविषयी संशय असतो म्हणून नव्हे. विहिरीला कठडा बांधतात, तो पाणी भरणाऱ्यांवर अविश्वास दाखविण्यासाठी नव्हे. माणूस कितीही सज्जन असला, तरी त्याचा हात चुकू शकतो. विश्वास हा मनाविषयी असतो. बंधन हे हाताच्या चुकीविषयी असते. या दोहोंची गल्लत केली, की एकतर घर निष्काळजी होते, नाहीतर संशयी होते.

शिवाय बंधन म्हणजे सर्व काही बंद करणे नव्हे. संगणकाच्या व्यवस्थेत निरनिराळे अधिकार निरनिराळ्या व्यक्तींस देता येतात. एखाद्यास फाइल केवळ वाचता यावी. दुसऱ्यास तीत बदलही करता यावा. तिसऱ्यास ती दिसूही नये. आणि हे अधिकार कोणास किती द्यावयाचे, हे ठरविण्याची मुभा एखाद्याच व्यक्तीस असावी, अशी योजना करता येते. वाचण्याचा अधिकार आणि बदलण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तत्त्व ग्रामीण महाराष्ट्रास मुळीच नवे नाही. सातबाराचा उतारा हे त्याचे उत्तम उदाहरण होय. कोणत्या गटाची जमीन कोणाच्या नावे आहे आणि तीत कोणते पीक घेतले, हे आज कोणालाही शासनाच्या संकेतस्थळावर पाहता येते. परंतु त्यावरील एकही नाव कोणास घरबसल्या बदलता येत नाही. वारसाची नोंद करावयाची असो वा खरेदीची, ती प्रथम गावच्या तलाठ्याकडे फेरफाराच्या नोंदवहीत लिहावी लागते. संबंधितांस सूचना जाते, हरकत घेण्यास अवधी मिळतो आणि त्यानंतर अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत ही रीत घालून दिलेली आहे. पाहणे सर्वांस मोकळे आणि बदलणे मोजक्यांच्या हाती, तेही उघड रीतीने, या व्यवस्थेमुळेच शेतकरी आपली जमीन सुरक्षित मानतो. जो न्याय जमिनीच्या कागदास, तोच घरच्या कागदास लावला, तर त्यात अविश्वास कोठे आला?

संगणकाच्या जगालाही हे शहाणपण अनुभवातूनच आले. १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरावा, अशी योजना करून दाखविली. यंत्र एक आणि वापरणारे अनेक, असे होताच प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राखण्याचा प्रश्न उभा राहिला. त्यासाठी प्रत्येकास त्याचा स्वतःचा पासवर्ड देण्यात आला. परंतु पुढे तेथेही एक मौजेचा प्रसंग घडला. व्यवस्था पाहणारे दोघेजण एकाच वेळी दोन निरनिराळ्या फाइलींत दुरुस्ती करीत होते. दोघांच्या कामाची तात्पुरती प्रत एकाच नावाने, एकाच ठिकाणी ठेवली जात होती. त्यामुळे स्वागताचा संदेश आणि पासवर्डांची यादी यांची अदलाबदल झाली. परिणामी, जो कोणी संगणकापाशी बसे, त्याला स्वागताऐवजी सर्वांचे पासवर्ड वाचावयास मिळत! येथेही कोणी चोर नव्हता. दोघे प्रामाणिक सेवक एकाच जागी लिहीत होते, एवढेच.

१९७५ साली जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोन शास्त्रज्ञांनी संगणकातील माहितीच्या रक्षणाची काही तत्त्वे मांडली. त्यांपैकी एकाचा भावार्थ असा, की ज्याला जे काम करावयाचे आहे, त्याला त्या कामापुरताच अधिकार असावा. म्हणजे अपघात वा चूक झाली, तरी तिची हानी तेवढ्यापुरतीच राहते. घराच्या भाषेत सांगावयाचे, तर एका खोलीत आग लागली, तर ती त्याच खोलीत विझावी, यासाठी भिंती असतात.

भिंती नसल्या म्हणजे काय होते, हे २०१७ साली साऱ्या जगाने पाहिले. त्या वर्षीच्या १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा एक घातक प्रोग्रॅम दीडशेहून अधिक देशांत पसरला. विंडोज संगणकांत फाइली सामायिक करण्याची जी यंत्रणा असते, तिच्यातील एका दोषातून तो एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप जाई आणि तेथील फाइलींना स्वतःचे कुलूप ठोकून खंडणी मागे. त्या दोषावरील उपाय दोन महिने आधीच उपलब्ध झाला होता. पण असंख्य लोकांनी तो योजला नव्हता. पुढच्याच महिन्यात, २७ जून रोजी, तसाच दुसरा हल्ला झाला. त्यात नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले आणि कंटेनरची वाहतूक खोळंबली. हा दुसरा प्रोग्रॅम, ज्या संगणकात शिरे, तेथे सर्वाधिकार असलेल्या व्यक्तीची नावे व पासवर्ड मिळाले, तर त्यांच्याच आधारे पुढच्या संगणकात जाई. ज्याच्या हाती साऱ्या किल्ल्या, त्याच्या खिशातून एकदा जुडगा गेला की सारी दारे उघडतात. घरातील जाळे लहान असते, परंतु नियम तोच आहे. म्हणून रोजच्या कामासाठी सर्वाधिकाराचे नाव वापरू नये, संगणकातील दोषांवरील नवे उपाय वेळोवेळी योजावे आणि महत्त्वाच्या कागदांची एक प्रत जाळ्यापासून अलग ठेवावी, ही साधी पथ्ये होत.

ही पथ्ये पाळावयाची, तर घरातील प्रत्येकाला संगणकावर स्वतःचे वेगळे नाव हवे. सर्वजण एकाच नावाने आत शिरले, तर कोणी काय लिहिले आणि कोणी काय पुसले, हे कळणार कसे? परभणी जिल्ह्यातील गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी मानली जाते. पुढे त्या नामदेवांच्या घरी राहिल्या. त्या घरचे दळणकांडण त्यांनी केले, त्या घरच्या भक्तीत त्या एकरूप झाल्या. तरीही अभंगाच्या शेवटी त्यांनी स्वतःची नाममुद्रा ठेवली. आपण त्या घरच्या, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. पण आपले शब्द आपल्या नावाने लिहिले. एकत्र राहणे म्हणजे स्वतःचे नाव पुसून टाकणे नव्हे.

पाहुण्यांच्या बाबतीतही असाच विवेक हवा. घरी आलेला मित्र वायफायचा पासवर्ड मागतो आणि तो देणे हे आज पाणी देण्याइतकेच सहज झाले आहे. परंतु त्या एका शब्दाने तो ढाळज ओलांडून घराच्या जाळ्यात येतो आणि सामायिक फोल्डरला दार नसेल, तर थेट बळदापर्यंत पोचतो. पुष्कळ राउटरमध्ये पाहुण्यांसाठी निराळे जाळे ठेवण्याची सोय असते. त्यातून इंटरनेट मिळते, पण घरातील संगणक दिसत नाहीत. ती नव्या काळची ढाळजच होय. आणखी एक भ्रम दूर ठेवला पाहिजे. फोल्डर नजरेआड केला म्हणजे तो सुरक्षित झाला, असे अनेकांस वाटते. पण पडद्यामागे ठेवलेली पेटी आणि कुलूप लावलेली पेटी यांत अंतर आहे.

येथवर बंधनाची आवश्यकता सांगितली. परंतु तेवढ्याने विचार पुरा होत नाही. बंधन घालणारा कोण आणि तो कशाच्या आधारे घालतो, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. महाराष्ट्राच्या इतिहासात अन्यायी बंधनांच्या आठवणी कडू आहेत. महाडचे चवदार तळे सार्वजनिक होते. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत, असा ठराव केला होता आणि महाडच्या नगरपालिकेनेही तो मान्य केला होता. तरीसुद्धा अस्पृश्य मानलेल्या समाजास ते पाणी मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तेथे गेले आणि त्यांनी ते पाणी प्राशन केले. न्यायालयातील लढा पुढे दहा वर्षे चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. तेथील बंधन हे माणसाचे काम पाहून घातलेले नव्हते. ते त्याचा जन्म पाहून घातलेले होते. म्हणूनच ते अन्याय्य होते.

या मोठ्या प्रसंगाची घरातील फोल्डरशी बरोबरी होऊ शकत नाही. परंतु त्यातून मिळणारी कसोटी मात्र घरालाही लागू पडते. मुलीस दुकानाचा हिशेब पाहू द्यावयाचा नाही, कारण ती मुलगी आहे. आणि तिच्यापेक्षा लहान भावास पाहू द्यावयाचा, कारण तो मुलगा आहे. असे कोणी ठरवील, तर ते बंधन व्यवस्थेचे नसून पक्षपाताचे होईल. आईने साऱ्या किल्ल्या वडिलांकडे सोपवाव्या आणि स्वतःच्या प्रश्नपत्रिका उघडण्यासाठीही त्यांची परवानगी मागावी, हेही योग्य नव्हे. घरात संगणकाची जाण एकालाच असते आणि तोच सर्वांचा नियंता होऊन बसतो, असे पुष्कळदा घडते. किल्ली सांभाळणारा हा मालक नसून विश्वस्त असतो, याचे भान त्याने ठेवावयास हवे. मुलीची रोजनिशी उघडण्याची युक्ती त्यास ठाऊक असली, म्हणून ती उघडण्याचा हक्क त्याला प्राप्त होत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला, की खाजगीपणा हा भारतीय संविधानाने दिलेल्या मूलभूत हक्कांचा भाग आहे. त्या निर्णयामागील भावना घराच्या उंबरठ्यापाशी थांबू नये. लहान मुलांवर आईवडिलांनी देखरेख ठेवावी, हे उचितच आहे. परंतु तीही त्यांना सांगून, उघडपणे ठेवावी. चोरून केलेल्या पहाऱ्याने मूल सुरक्षित होत नाही. ते फक्त लपविण्यात तरबेज होते.

बंधनाचा अतिरेकही तितकाच घातक आहे. पीकविम्याची मुदत उद्या संपत आहे, जमिनीचे कागद फोल्डरमध्ये आहेत, त्याचा पासवर्ड केवळ आजोबांना ठाऊक आहे आणि आजोबा रुग्णालयात आहेत. अशा वेळी ते मजबूत कुलूप घराच्याच मुळावर येते. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या किल्लीचा निदान एक जाणता साक्षीदार असावा. पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात घालावा आणि ते पाकीट घरातील लोखंडी कपाटात ठेवावे, हा उपाय जुनाट वाटला, तरी उपयोगी आहे.

तेव्हा त्या पाच माणसांच्या घरात काय व्हावे? एखाद्या संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे. लग्नसमारंभांची छायाचित्रे सर्वांस पाहता यावी, पण ती पुसण्याचा अधिकार एकदोघांसच असावा. दुकानाचा हिशेब वडिलांनी लिहावा आणि जो कोणी दुकानात हातभार लावतो, त्याला तो वाचता यावा. जमिनीचे कागद आजोबा, वडील आणि आई यांना उघडता यावे. प्रश्नपत्रिकांची किल्ली परीक्षा होईपर्यंत आईपाशीच राहावी. कारण तो शाळेतील सर्व मुलांच्या न्यायाचा प्रश्न आहे. रोजनिशी मुलीची एकटीची असावी. आणि धाकट्यासही त्याचा स्वतःचा एक कोपरा मिळावा. ज्याला स्वतःचे काही जपावयास मिळते, तोच दुसऱ्याचे जपण्यास शिकतो. हे नियम का केले, हे त्यालाही समजावून सांगावे आणि तो मोठा होईल तसे ते बदलावे.

असे झाले, तर आजोबांच्या मनातील शंकाही फिटेल. त्यांचे बालपण ज्या घरात गेले, तेथे ढाळज होती, माजघर होते आणि बळदही होते. त्या भिंतींनी माणसे दुरावली नाहीत. उलट प्रत्येकास आपली जागा मिळाल्यामुळे ती सुखाने एकत्र नांदली. कुलूप विश्वासाचा शत्रू नाही. सर्वांनी मिळून ठरविलेले, कामापुरते आणि कारण सांगून लावलेले कुलूप हे विश्वासाचे राखणदार असते. मात्र त्याची किल्ली ज्याच्या हाती असेल, त्याने ती सर्वांची ठेव म्हणून सांभाळली पाहिजे.